माणसं फार झाली

सुकापूर, पनवेल
६ जानेवारी २०२५

प्रिय दत्ता,

पत्र पाहून तू घाबरशील म्हणून आधीच सांगतो, तुझी बहीण जिवंत आहे. पण अंथरुणातच आहे.

फोन का केला नाही, तर माझे कान. शैलेश फोन लावून माझ्या कानाशी धरतो तेव्हा मला पाण्याचा पंप चालू असल्यासारखा आवाज येतो, बाकी काही नाही. शिवाय शैलेशच्या फोनवर बोललं की शैलेशला कळतं. मी किती घाबरलो आहे हे मुलाला कळायला नको. म्हणून पत्र. माझं शिक्षण सातवीला थांबलं, तेव्हा चुकलंमाकलं समजून घे.

गणपतीत रंभा मोरीत घसरली ते तुला माहीत आहे. पाला बांधून खुबा बसला नाही, हेही माहीत आहे. आता इथल्या मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणतात, सांध्यात नवीन गोळा बसवायचा. ४ फेब्रुवारीची तारीख दिली आहे. ऑपरेशन करणारे डॉक्टर मुंबईहून येतात, रोज येत नाहीत. ही तारीख चुकली तर पुढची केव्हा ते सांगत नाहीत. तिच्या पाठीला जखमा व्हायला लागल्या आहेत. आणखी दोन महिने अशी पडून राहिली तर मग उठायचीच नाही, असं त्यांनी शैलेशला सांगितलं आणि शैलेशने मला कागदावर लिहून दाखवलं.

तिच्या अंगात रक्त कमी आहे. दवाखाना रक्त देतो, पण त्याच्या बदल्यात आपल्याकडच्या चार जणांनी आधी रक्त द्यायचं. कुठल्याही गटाचं चालतं. शैलेशला मागे कावीळ झाली होती आणि सून किशोरीच्याही अंगात रक्त कमी, म्हणून त्या दोघांचं घेत नाहीत. माणसं जमवायचं काम शैलेशने माझ्यावर टाकलं आहे, कारण त्याची कंपनीत दुसरी पाळी असते. मी कुणाला विचारू? तू येशील का?

दुसरं एक. खांदा कॉलनीत आमची ख्रिस्ती मंडळी ज्या गाळ्यात प्रार्थनेला भरते तिथे मागच्या रविवारी पाळकांनी संत पौलावर सांगितलं. त्याच्या अंगात काटा होता. कसला ते शास्त्रात दिलेलं नाही. तो काढ म्हणून त्याने देवाला तीनदा विनवलं. देवाने काढला नाही. म्हणाला, माझी कृपा तुला पुरे, तू अशक्त असलास म्हणजेच माझं बळ पुरं होतं. सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणालो. पण दत्ता, घरी आल्यापासून मी विचार करतो आहे की माणूस किती अशक्त झाला म्हणजे पुरे होतं? आम्ही दोघं अजून कमी पडतो आहोत का?

तुझा दाजी,
काळूराम

करंजा, उरण
११ जानेवारी २०२५

काळूरामदाजींना दत्ताचा नमस्कार.

तुमचं पत्र आलं. पोस्टमन हसत होता. बोल्ला, दत्ताशेट, बँकेचा कागद नाय, कोर्टाचा नाय, खरोखरचं पत्र हाय. सगळी आळी गोळा झाली.

चार मानसं काय मागता? नाक्यावर उभं राहून हाक मारली तरी धा-बारा उभी राहतील. हरेशचा टेम्पो हाय. मासळीचा हाय, वास येईल, पण रक्ताला वास लागत नाय. धोंडी पण येतो बोलतो. त्याने आजपर्यंत सुई टोचून घेतली नाय, डॉक्टर बघितला की पळतो. पण लहानपणी खाडीत बुडत होता तवा रंभाबायने त्याला केसाला धरून वर काढला होता. बोल्ला, त्या केसांचं देणं हाय. आता डोक्यावर केस नाय, रक्त तरी देतो.

आमी ३१ तारखेला सकाळी निघतो. बायला सांगा, आईच्या देवळात नारळ ठेवलाय तिच्या नावाचा. तुमच्यात चालत नसेल तर तुमी ऐकू नका, तिला सांगा.

आनी दाजी, अशक्त मानसाला तुमचा देव बळ देतो, असं असेल तर तुमच्यावर त्याची मेहेरबानी लय मोठी पायजे. लग्नात हार घालताना तुमचे हात कापत होते ते मना अजून आठवतं. बायनेच मान खाली केली.

दत्ता

सुकापूर
१७ जानेवारी २०२५

प्रिय दत्ता,

तुझं पत्र वाचून मला बरं वाटलं आणि मग वाईट वाटायला लागलं. का ते सांगतो.

तू दहा-बारा माणसं म्हणालास. तुझं पत्र आलं त्याच दिवशी शैलेशचा मित्र रूपेश कंपनीतले आणखी काही जण घेऊन घरी आला. तरणीताठी पोरं. मग मंडळीतल्या शशिकलाबाईंनी सांगितलं, आमच्या घरातले तिघे देतील. खांदा कॉलनीत मी वॉचमन होतो त्या सोसायटीतूनही निरोप आला. मी कुठे चार शोधत होतो आणि इथे अंगणात चपला मावेनात.

मग मी गिदोनाचं वाचलं. तुला माहीत नसेल. गिदोन हा भित्रा माणूस होता, शत्रूंच्या भीतीने लपून गहू झोडत होता. देवाने त्यालाच सेनापती केलं. त्याने मोठं सैन्य जमवलं तर देव म्हणाला, माणसं फार झाली. जिंकलात तर म्हणाल आमच्या हातांनी जिंकलो. म्हणून ज्यांना भीती वाटते त्यांना घरी पाठवलं. तरी फार झाली. मग देवाने सगळ्यांना ओढ्यावर पाणी प्यायला लावलं. ज्यांनी हाताच्या ओंजळीतून चाटून प्यायलं तेवढे ठेवले, गुडघे टेकून प्यायले ते परत. उरले थोडेच, आणि त्यांनी लढाई जिंकली.

मी त्या पोरांना पाणी दिलं आणि बघत बसलो. सगळ्यांनी बाटली वर धरून तोंड न लावता घटाघटा प्यायलं. ओंजळ कुणीच केली नाही. त्यातून मला काही ठरवता येईना. शेवटी सगळ्यांनाच सांगितलं, आमची सोय झाली, तुम्ही नका येऊ. शशिकलाबाईंनाही तेच सांगितलं.

आता तुझं. तुझी माणसं तर सगळ्यांत जास्त. तेव्हा तू येऊ नकोस, त्यांनाही आणू नकोस. तुमचं रक्त नको. ज्याचं काम आहे तो करील.

रंभाला हे सांगितलेलं नाही. शैलेशलाही नाही. मी बरोबर करतो आहे का, ते मला कळत नाही. पण इतक्या माणसांच्या गर्दीत देवाला उभं राहायला जागा कुठे राहिली होती, हे तूच सांग.

काळूराम

करंजा
२२ जानेवारी २०२५

दाजी,

पत्र भेटलं. नको तर नको.

तुमी बाप्तिस्मा घेतला तवा आमी जेवायला आलो होतो, आठवतं का? आळीतली मानसं कायबाय बोलत होती, मी त्यांची तोंडं बंद केली. बोल्लो, बाय माझी हाय, देव कुठलापण असू दे. बाबा वारला तवा तुमी दहाव्याला पिंडाला हात लावला नाय, लांब उभे राहिले. मी काय बोल्लो? कायच नाय बोल्लो.

आता रक्तपण नको. नारळाचं लिहिलं ते चुकलं का माझं? तसं असेल तर तसं लिहायचं होतं, सैन्याच्या गोष्टी कशाला? ते रक्त तुमच्या अंगात नाय जायचं, माझ्या बहिणीच्या नावाने जायचं. तिच्या अंगात आधीच आमचंच रक्त हाय, ते कुठे काढून टाकणार?

बायला सांगा भाऊ विसरला नाय. दुसरं काय सांगू नका.

दत्ता

सुकापूर
२७ जानेवारी २०२५

प्रिय दत्ता,

तुझं पत्र मी तीन-चारदा वाचलं. मी लिहिलं एक आणि तू वाचलं भलतंच. किंवा मी भलतंच लिहिलं असेल. मी पत्र टाकून बसलो, आता माझ्याकडे ते नाही, काय शब्द गेले ते मला आठवत नाहीत. तुझ्या देवीबद्दल माझ्या मनात काहीही आलं नव्हतं, शपथ घ्यायला आमच्यात मनाई आहे नाहीतर घेतली असती. मला फक्त माणसं कमी करायची होती.

आता कमी झाली आहेत. कुणीच नाही.

शनिवारी मी दवाखान्यात जाऊन रक्त द्यायला उभा राहिलो. शर्टाची बाही वर केली. तिथल्या मुलीने वय विचारलं. मी सत्तरीच्या पुढचा. ती हसली नाही, तेवढं बरं. म्हणाली, आजोबा, तुमचं आम्ही घेत नाही, आणि मला बसवून बिस्किटं दिली, रक्त दिल्यावर देतात ती. मी ती खाल्ली. मग खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, ३ तारखेपर्यंत चार माणसं आली नाहीत तर नाव पुढच्या यादीत जाईल.

मंडळीतल्या लोकांना आता कसं विचारू? काल रविवारी पाळकांनी सगळ्यांसमोर देवाचे आभार मानले, रंभाबाईंच्या रक्ताची सोय झाली म्हणून. मला ऐकू आलं नव्हतं, शशिकलाबाईंनी कोपराने ढोसून खूण केली. मी आमेन म्हणालो. आता नाही झाली कसं म्हणू? आणि रूपेशला विचारलं तर शैलेशला कळेल.

मोशे म्हणाला होता, मी तोंडाचा जड आहे, दुसऱ्या कुणाला पाठव. देव त्याच्यावर रागावला. म्हणजे अशक्त असणं देवाला आवडतं पण अशक्त आहे म्हणून सांगणं आवडत नाही? गिदोनाने माणसं पाठवून दिली ती देवाला आवडली. मी पाठवली तर खिडकीवरचा माणूस यादी दाखवतो. मी आता पुरता अशक्त झालो आहे, दत्ता. याच्या खाली मला जाता येत नाही. बळ कुठून यायचं ते अजून दिसत नाही.

मी तुला ये म्हणत नाही. तुला ये म्हटलं तर देवावर भरवसा नाही असं होईल. नाही म्हटलं तर, रंभा. काय म्हणावं ते मला कळत नाही, म्हणून काहीच म्हणत नाही.

तुझा,
काळूराम

सुकापूर
२९ जानेवारी २०२५

दत्तामामांना किशोरीचा नमस्कार. हे पत्र आई सांगत आहेत आणि मी लिहिते आहे. त्यांनी सांगितलं आहे, जसं बोलते तसं लिही, सुधारू नकोस.

दत्ता, काल रूपेश माझी चौकशी करायला आला. जाताना सहज बोलला, काकांनी आम्हाला नको सांगितलं ना, मग कोण देणार ठरलं? हे कोपऱ्यात बसून शास्त्र वाचत होते. ऐकू आलं नाही, पण माझं तोंड बघून कळलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तुझं पत्रही वाचून दाखवलं.

मला वाचता येत नाही, पण गिदोनाची गोष्ट मी पाळकांच्या तोंडून ऐकली आहे. मी पडल्या पडल्या ओरडून विचारलं, म्हणजे त्यांना ऐकू जावं म्हणून. म्हटलं, त्याला देवाने सांगितलं होतं माणसं कमी कर. तुम्हाला कुणी सांगितलं?

त्यांनी शास्त्र मिटलं.

मी म्हटलं, आणि देवाने त्याच्याजवळ तीनशे तरी ठेवले होते. एकट्याला नव्हतं पाठवलं. तुम्ही एकसुद्धा ठेवला नाही.

तेव्हा ते रडले. मला वाईट वाटलं, पण जरा बरंही वाटलं. तू त्यांना ओळखतोस. नोकरीवर असताना कुलूप लावलं की परत जाऊन ओढून बघायचे, घरी येऊन पुन्हा जायचे. आपण ठरवलं आणि ते चुकलं तर, याची त्यांना पहिल्यापासून भीती. सगळं देवाच्या अंगावर टाकलं म्हणजे यांच्या हातून काही चुकणार नाही, असं त्यांना वाटलं असेल. त्यात तुझ्या नारळाचा काही दोष नाही. नारळ ठेवलास ते चांगलं केलंस.

राग आला असेल तर राग घेऊन ये. रक्त द्यायचं नसेल तर देऊ नकोस, नुसता ये आणि माझ्याजवळ बस. मला ऑपरेशनची भीती वाटते आहे आणि ते यांना सांगता येत नाही, कारण मग यांना कोण बघणार?

किशोरी लिहिते : मामा, रूपेश स्वतः यायला तयार आहे, पण त्याच्याबरोबरचे बाकीचे कामासाठी पुण्याला गेले. शैलेशला अजून सांगितलेलं नाही. तो बाबांवर खूप चिडेल.

करंजा
१२ फेब्रुवारी २०२५

काळूरामदाजींना नमस्कार.

बायचं ऑपरेशन चांगलं झालं, शैलेशने फोनवर सांगितलं. उभी केली बोल्ला. इथे आळीत पेढे वाटले.

आता एक गोष्ट. दवाखान्यात तुमी सगळ्यांना सांगत होते, बायचं पत्र वाचून दत्ता आला. त्या नर्सला पण सांगितलं. मी तवा काय बोल्लो नाय. ते पत्र मना घरी आल्यावर भेटलं, ३१ तारखेला दुपारी पडलेलं, आमी सकाळीच निघालो होतो. तुमचं मात्र त्याच्या आदल्या दिवशी भेटलेलं. तुमच्या पत्राने पण मी आलो नाय. त्यात तर तुमी ये पण बोलत नाय, नको पण बोलत नाय.

खरं सांगतो, मी भांडायला आलो होतो. रक्त त्या खिडकीवर आपटायचं, तुमाला चार शब्द सुनवायचे आणि बायला न भेटता परत फिरायचं, असं ठरवून निघालो. बाकीच्या मानसांना बोलवलंच नाय. दाजी नको बोल्ले हे त्यांना कसं सांगू, लाज वाटली. मी, धोंडी आनी गाडी चालवायला हरेश, बस. पळस्प्याला चहाला थांबलो. धोंडीला विचारलं, आधी रक्त देऊ का आधी भांडू. धोंडी बोल्ला, आधी भांडू, रक्त गेल्यावर भांडायला जोर रहात नाय.

मग दवाखान्याच्या पायरीवर तुमी दिसले. मांडीवर शास्त्र, बाजूला डबा, मी लिहिलेली ३१ तारीख धरून बसलेले. आमाला बघून उठायला गेले आनी उठता येईना. एकदा गेले, परत खाली बसले. दुसऱ्यांदा हात वर केला, धरायला कोण हाय का बघायला, आनी माझ्याच अंगावर केला. मी काय करू? ओढून उभा केला तुमाला. उभा केल्यावर तुमी माझा हात सोडेचना. आता ज्याचा हात धरलाय त्याच्याशी कसं भांडायचं? सगळं डोक्यात पाठ केलं होतं, एक शब्द आला नाय.

धोंडी रक्त देऊन चक्कर येऊन पडला हे त्याच्या बायकोला सांगू नका. तो इथे सांगतो, दोनदा देणार होतो, डॉक्टरनी अडवला. तो रूपेश पळत आला म्हणून चार झाले, नायतर तुमच्या गिदोनाचं काय खरं नव्हतं.

बायला जपा. तुमाला पण.

दत्ता

सुकापूर
९ मार्च २०२५

प्रिय दत्ता,

तुझं पत्र आलं त्याला बरेच दिवस झाले. उत्तर द्यायला बसतो आणि उठतो.

रंभाचं पत्र मिळायच्या आधीच तू निघालास, हे वाचल्यापासून माझा गोंधळ वाढला आहे. मी धरून चाललो होतो की देवाने रंभाच्या तोंडून तुला बोलावलं. तसं पाळकांनाही सांगून बसलो. आता तू म्हणतोस, रागाने आलो. देवाचं बळ रागातून येतं का? आणि ते आमच्यात नसलेल्या माणसाच्या रागातून, मासळीच्या टेम्पोतून? मी पाळकांना विचारलं. ते म्हणाले, काळूरामकाका, हे मला ठाऊक नाही, पण धोंडींना माझा सलाम सांगा. तो सलाम या पत्रातून पोचवतो आहे.

मागच्या रविवारी मी मंडळीत उभा राहिलो आणि सोय झाली होती हे खोटं होतं, असं सांगितलं. गिदोनाचंही सांगितलं. लोक कुठे हसले, कुठे गप्प झाले, मला ऐकू आलं नाही. शशिकलाबाईंनी पुढे येऊन माझ्या कानाशी ओरडून विचारलं, मग रक्त दिलं कुणी? मी म्हटलं, रूपेशने आणि करंजाच्या कोळ्यांनी. त्या म्हणाल्या, मग त्यांच्यासाठीही प्रार्थना करू. तुझं नाव घेतलं आहे. तुझी हरकत असेल तर कळव, पण आता घेऊन झालं आहे.

शैलेश पंधरा दिवस माझ्याशी धड बोलला नाही. आता बोलतो.

रंभा चालते. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं, वॉकर घेऊन रोज गल्लीच्या टोकापर्यंत जायचं आणि शेजारी कुणीतरी चालायचं. पहिल्या दिवशी शैलेश गेला. त्याच्या अंगात ताकद आहे, त्याने तिला गॅसची टाकी उचलावी तशी दंडाला धरून उचलली आणि चालू लागला. तो एक पाऊल टाकतो त्यात हिची तीन होतात. ती दारापासून चार पावलांवर रडायला लागली. किशोरीबरोबर गेली तर किशोरी बोलत बोलत पुढे निघून जाते. मग रंभा म्हणाली, तुम्ही चला.

मी म्हटलं, माझे गुडघे दुखतात, हात कापतो, ऐकू येत नाही, मागून रिक्षा आली तर कळायचं नाही. ती म्हणाली, रिक्षा मला ऐकू येते. तुम्ही चला.

तर आता मी चालतो. मला याहून जोरात चालताच येत नाही आणि तिलाही नको असतं. तीन दिवसांपूर्वी तिने वॉकर घरीच ठेवला. डॉक्टरांना हे सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. तिचा हात माझ्या खांद्यावर असतो, माझा तिच्या कमरेशी. मध्येच मला दम लागतो, तेव्हा ती थांबते. मध्येच तिचा पाय दुखतो, तेव्हा मी थांबतो. कालपासून शैलेश दारात उभा राहून बघतो. आज आम्ही परत आलो तेव्हा त्याने मोठ्याने विचारलं, बाबा, तुमच्या दोघांत नक्की कोण कुणाला धरतंय?

मी ऐकू न आल्यासारखं केलं.

तुझा दाजी,
काळूराम